नवव्या महिन्यातला पहिला वाढदिवस

माझा दादा जमिनीवर पालथा पडून फोटो काढतो. गेली तीस वर्षं त्याचं हेच चाललंय. त्याच्या सगळ्या शर्टांची कोपरं गवताने हिरवी झालीत आणि पँटचे गुडघे विरलेत. नवा शर्ट आणून दिला तर तो दोन दिवस जपतो आणि तिसऱ्या दिवशी त्यातच लोळतो. मुलांच्या आया त्याला तोंडावर काका म्हणतात आणि पाठीमागे लोळणकाका. हे त्याला माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतंही.

त्याचं काम एकच. वर्षाच्या मुलांचे फोटो, तेही बागेत, सकाळी सात ते नऊ. लग्नं नाहीत, समारंभ नाहीत. 'नवरा-नवरीला हस म्हटलं की हसतात, त्यात काय गंमत?' असं तो म्हणतो. वर्षाचं मूल कुणाच्या बापाचं ऐकत नाही, म्हणून त्याला ते आवडतं. त्याचे नियम मात्र कडक आहेत. मुलाला दूध पिऊन अर्धा तास झालेला हवा. अंगावर नवे कपडे नकोत, ते टोचतात. पायात बूट नकोत. मोबाइल सगळ्यांनी पिशवीत टाकायचे. वडिलांनी मोठ्या झाडामागे पाठ करून उभं राहायचं, कारण वडील दिसले की मूल हात पसरतं आणि पुढची वीस मिनिटं वाया जातात. चांगले धिप्पाड पुरुष त्या झाडामागे शाळेत शिक्षा झाल्यासारखे उभे असतात, आणि मला दर वेळी हसू येतं.

आणि फोटोत आई नको. हा सगळ्यात मोठा नियम. बरीचशी मुलं वर्षाची झाली तरी आधाराशिवाय उभी राहत नाहीत. मग आईने मुलाच्या मागे उकिडवं बसायचं, अंगावर हिरवी चादर घ्यायची आणि चादरीतून दोन हात बाहेर काढून मुलाची कंबर धरायची. चादर आणि हात पुसणं हे माझं काम. मी कॉम्प्युटरवर बसून त्यांच्या जागी गवत भरते, मुलाच्या फ्रॉकची चूण सारखी करते, आणि मूल एकटं उभं राहतं. वीस वर्षांत किती आयांचे हात पुसले असतील, देव जाणे. पण कुणाला कळलं असेल तर शपथ.

मी या कामाला लागले तेही सांगून टाकते, म्हणजे दादा कसा आहे ते कळेल. माझं लग्न टिकलं नाही. एका दुपारी मी दोन बॅगा घेऊन त्याच्या दारात उभी राहिले. त्याने 'काय झालं' म्हणून विचारलं नाही. बॅगा आत घेतल्या, चहा केला, साखर विसरला. दुसऱ्या दिवशी दुकानात कॉम्प्युटरसमोर एक नवी खुर्ची होती. 'छोटी, माझी पाठ दुखते गं, हे बसून करायचं काम तू कर,' एवढंच म्हणाला. पाठ काही दुखत नव्हती त्याची. आज मी एक्कावन्न वर्षांची आहे आणि तो अजून मला छोटी म्हणतो. त्याने स्वतः लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर 'राहून गेलं' म्हणतो, जसं काही कपडे वाळत घालायचे राहून गेले.

तो अबोल आणि मी तोंडाळ. माझ्या तोंडी तीळ भिजत नाही, हे दादा सगळ्यांना हसत हसत सांगतो. दुकानात आलेल्या कुणाच्या घरात काय चाललंय हे गिऱ्हाईक पायरी उतरायच्या आत मी शेजारच्या शिंप्याला सांगितलेलं असतं. हे मी कौतुकाने सांगत नाही. यातूनच पुढचं सगळं घडलं, म्हणून सांगते.

एके दिवशी दुपारी एक जोडपं आलं. तो लिफ्ट दुरुस्त करणारा, हातांना वंगणाचा वास, बोलणं कमी. ती शाळेत विज्ञान शिकवायची. मी तिला पहिल्या क्षणापासून मनात बाईच म्हणाले, कारण आत येताच तिने आमच्या भिंतीवरचा बंद पंखा बघून 'हा का बंद आहे?' असं वर्गात विचारावं तसं विचारलं. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, चेहरा सुजलेला, मनगटं मात्र काड्यांसारखी. कडेवर नऊ महिन्यांची मुलगी. गुबगुबीत, टक्कल असलेली, सगळ्या जगावर नाराज. तिला ते ढब्बू म्हणत होते.

"पहिल्या वाढदिवसाचे फोटो काढायचेत," बाई म्हणाल्या.

"किती महिन्यांची झाली?" दादाने विचारलं.

"नऊ."

"मग तीन महिन्यांनी या की. उभी राहायला लागली की छान येतात."

"तीन महिन्यांनी मला जमणार नाही, काका."

माझा भाऊ अशा बाबतीत अगदीच भोळा आहे. "मग त्याच्या पुढच्या आठवड्यात?" म्हणाला. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. लिफ्टवाले भिंतीकडे बघत होते.

बाईंनी मात्र नीट समजावून सांगितलं, कठीण गणित सोडवून दाखवावं तसं. ढब्बू तीन आठवड्यांची असताना आजार कळला होता. उपचार झाले, पुन्हा झाले, आता डॉक्टरांनी ते थांबवले होते. दीड महिना, फार तर दोन. "मला हिचा पहिला वाढदिवस बघायचाय," त्या म्हणाल्या. "खरा बघता येणार नाही, तर फोटोत बघते. तिला वर्षाची करून द्या. उभी करा. बाकी मला काही नको." आणि मग, आम्हा दोघांकडे बघून, "अहो, असे चेहरे नका करू, मुलं घाबरतात," असंही म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी शिंप्याकडे गेले नाही. कधी नव्हे ते कुणालाच काही सांगावंसं वाटलं नाही.

दोन दिवसांनी सकाळी आम्ही बागेत होतो. बाईंनी वर्षाच्या मुलीच्या मापाचा पिवळा फ्रॉक आणला होता. ढब्बू त्यात बुडून गेली होती. मी तो पाठीमागून कपड्यांच्या चिमट्यांनी आवळत होते, एकूण पाच चिमटे लागले. तेव्हा बाई माझ्या कानाशी आल्या.

"ताई, यात माझा एकही फोटो नको. चुकून आला तर उडवून टाका. शब्द द्या मला."

"अहो, पण एखादा…"

"नको. मोठी झाली की ती मला शोधेल. तेव्हा तिला माझा शाळेतला फोटो सापडू दे, हातात खडू असलेला. हा चेहरा नको. हे बघून तिला वाटेल, आई म्हणजे हेच."

मी शब्द दिला. मनापासून दिला.

आता जे सांगते ते मला त्या वेळी माहीत नव्हतं, पुढे सव्वा महिन्याने कळलं. त्याच वेळी, मी चिमटे लावत असताना, झाडामागे लिफ्टवाले दादाला वेगळंच काही सांगत होते. दवाखान्यात काढलेले दोन फोटो सोडले तर त्या दोघींचा एकत्र असा फोटोच नव्हता, आणि त्या दोन्हींत बाई झोपलेल्या होत्या. घरी मोबाइल वर केला की त्या हात आडवा धरायच्या. "काका, एक तरी काढा," ते म्हणाले. "दोघींचा. ती हसत असताना. तिला कळू देऊ नका. आणि कुणालाच बोलू नका, नाहीतर तिच्या कानावर जाईल." दादाने मान हलवली. कुणालाच म्हणजे पहिल्यांदा मला, हे त्याला सांगायला नको होतं.

म्हणजे एकाच वेळी, चार पावलांच्या अंतरावर, माझ्याकडे बायकोचा शब्द होता आणि त्याच्याकडे नवऱ्याचा.

लिफ्टवाले झाडामागे पाठ करून उभे राहिले. बाई चादरीखाली बसल्या आणि ढब्बूची कंबर धरली. पुढे एक बुटकं स्टूल होतं, तिने त्यावर तळवे टेकले. दादा पालथा पडला. मी खुळखुळा घेऊन त्याच्या मागे उड्या मारत होते, या वयात, गुडघे दुखत असताना. ढब्बू ढिम्म. ती आम्हा दोघांकडे वेळ चुकलेल्या गाडीची वाट बघावी तशी बघत होती. पण उभी होती. आईच्या हातांत का होईना, नऊ महिन्यांची ती पोर ताठ उभी होती, आणि दादाचं काम झालं होतं.

मग तिला चादरीचा शोध लागला. आपल्याला मागून कोण धरतंय ते बघायला ती वळली, चादर ओढली, आणि आतून बाई म्हणाल्या, "कुऽऽक!"

ढब्बू हसली. नुसती हसली नाही, तिचं सगळं अंग हसलं. पुन्हा चादर, पुन्हा कुक. चौथ्या वेळी चादर बाईंच्या खांद्यावर पडली ती तिथेच राहिली. दादाचा कॅमेरा वाजत होता.

"दादा, आई दिसतेय!" मी ओरडले.

"हं," दादा म्हणाला आणि काढत राहिला. मला वाटलं, म्हातारा झाला, हात थांबत नाही त्याचा.

दुपारी मी कॉम्प्युटरवर बसले. आमची पद्धत ठरलेली आहे. सगळे फोटो कार्डावरून उतरवायचे, बिघडलेले उडवायचे. डोळे मिटलेले, हललेले, आई दिसणारे, हे सगळे बाद. मी ते फार भरभर करते. एका फोटोला डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा वेळ. त्या दिवशी आई दिसणारे अकरा निघाले. एक, दोन, तीन, मी उडवत गेले. एकावर मात्र बोट थांबलं. चादर खांद्यावर, डोक्यावरचा रुमाल मागे घसरलेला. ढब्बूने आपला तळवा आईच्या उघड्या डोक्यावर ठेवलेला, आणि दोघींची तोंडं उघडी, दोघी एकसारख्या हसणाऱ्या, दोघींना टक्कल. मला रडूच आलं. वाटलं, हा ठेवावा. मग बाईंचा आवाज आठवला. मी शब्द दिला होता. मरायला टेकलेल्या बाईला दिलेला शब्द मी मोडणार नव्हते. मी तो उडवला. वर कॉम्प्युटरमधला कचऱ्याचा डबाही रिकामा केला, कारण ठेवायचा तर शब्द पुरता ठेवावा. आणि खरं सांगते, मला स्वतःचा अभिमान वाटला. तोंडाळ असेन, पण विश्वासाला जागणारी आहे, असं वाटून मी उठून चहा केला.

संध्याकाळी दादाने रोजच्यासारखं कार्ड कोरं केलं. फोटो माझ्याकडे उतरलेत म्हटल्यावर त्याला काळजी नव्हती; उडवलेलेही कचऱ्याच्या डब्यातून परत निघतात, आणि तो डबा मी एरवी कधीच रिकामा करत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कार्डावर जुळ्यांच्या एका जोडीचे फोटो आले.

आठवड्याने बाई फोटो बघायला आल्या. आता त्यांना दोन पायऱ्या चढायलाही नवऱ्याचा हात लागत होता. मी मोठा प्रिंट त्यांच्यासमोर ठेवला. हिरवंगार गवत, पिवळा फ्रॉक, आणि ढब्बू एकटी उभी. फ्रॉक अंगाला बरोबर बसलेला. चेहऱ्यावर तीच नाराजी.

बाईंनी फोटो उचलला आणि उजेडाकडे धरला.

"उभी आहे," त्या म्हणाल्या. "अहो, बघा ना, ही उभी आहे." मग माझ्याकडे बघून, "माझे हात कुठे गेले?"

"काढले मी."

त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, जिथे त्यांची बोटं होती तिथे अंगठा फिरवला. "छान काढलेत," त्या म्हणाल्या. "मी तिथे होते असं कळतसुद्धा नाही."

निघताना त्यांनी माझ्या कानाशी विचारलं, "बाकीचे उडवलेत ना?" मी मान हलवली. त्यांनी माझा हात दाबला. तीन आठवड्यांनी त्या गेल्या.

त्यानंतर बाराव्या दिवशी लिफ्टवाले दुकानात आले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं एक घर चुकलेली. बसले नाहीत. "काका, आता द्या," म्हणाले.

दादा उठला. त्याच्या चेहऱ्यावर कुणाला तरी उपयोगी पडण्याचा आनंद होता, तो मला अजून दिसतो. "छोटी," तो म्हणाला, "त्या दिवशीचे ते दोघींचे काढ बरं. मी मुद्दाम काढले होते. तुला सांगितलं नव्हतं."

माझे हात कॉम्प्युटरवर होते आणि मी बोट हलवू शकले नाही. दादाने माझ्याकडे बघितलं. दोनच क्षण बघितलं असेल. सगळं कळलं त्याला. दारातल्या माझ्या बॅगा बघून जसं कळलं होतं, तसंच.

तो लिफ्टवाल्यांकडे वळला. "माझी चूक झाली," तो म्हणाला. "फोकस गेला होता. एकही धड आला नव्हता, म्हणून मीच उडवले. आत्ता आठवलं."

"सगळे?"

"सगळे."

"अकरा होते, काका. तिचं 'कुक' ऐकल्यापासून मी झाडामागे कॅमेऱ्याचे आवाज मोजत होतो. अकरापैकी एकही नाही?"

"नाही."

लिफ्टवाले ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू म्हणाले, "तुम्ही आयुष्यभर हेच करता ना? दुसरं काही नाही करत ना तुम्ही? मग एक… एक सरळ काढता आला नाही तुम्हाला?"

दादाने मान खाली घातली. आणि मी, जिच्या तोंडी तीळ भिजत नाही ती मी, गप्प बसले. ते पायऱ्या उतरून गेले तरी गप्प होते. मला या गोष्टीची जेवढी लाज वाटते तेवढी फोटो उडवल्याची वाटत नाही.

आम्ही खटपट केली. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने आमचा कॉम्प्युटर चार दिवस ठेवून घेतला, कार्डही तपासलं. कॉम्प्युटरमध्ये काही उरलं नव्हतं, आणि कार्डातून निघाला तो जुळ्यांपैकी एकाचा पाय आणि बाकी करड्या पट्ट्या. त्याने दोन्ही परत दिली तेव्हा मी दादाला म्हटलं, "मी जाते त्यांच्याकडे. सांगते, मी उडवले म्हणून."

"नको," दादा म्हणाला. "बायकोनेच उडवायला सांगितलं होतं, हे सांगणार त्याला? तिच्यावर रागवायला लावणार? त्याचा राग माझ्यावर आहे तो असू दे. रागावलेला माणूस निदान उठून कामाला जातो."

गोष्ट पसरली. आयांच्या आयांशी गप्पा चालतात, त्यात 'लोळणकाकांना आता दिसत नाही' असं चालू झालं. तीस वर्षांत ज्याचा फोकस एकदाही चुकला नव्हता, त्याला लोक हळूच विचारायला लागले, काका, डोळे तपासले का? आणि माझ्या वेड्या भावाने काय करावं? खोटं नीट वठावं म्हणून त्याने चष्मा करून घेतला. नंबर नावालाच होता. तो चष्मा घालून बागेत पालथा पडायचा, चष्मा नाकावरून गवतात पडायचा, आणि आया एकमेकींकडे बघायच्या. महिन्यातल्या निम्म्या सकाळी मोकळ्या जायला लागल्या. दादा मोकळ्या सकाळी दुकानाच्या पायरीवर बसून कॅमेऱ्याच्या काचा पुसायचा. मी त्याच्या पाठीकडे बघायची आणि माझा जीव तुटायचा.

ढब्बूचा खरा वाढदिवस आला तेव्हा मला राहवलं नाही. हे काही मोठेपण नव्हे. मला सहन होईना, एवढंच. दादाला न सांगता मी गेले.

लिफ्टवाल्यांच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. चार मजले चढून गेले. दार त्यांनीच उघडलं. दोन खोल्या, दोरीवर छोटे छोटे कपडे, जमिनीवर वाट्या आणि झाकणं पसरलेली. भिंतीवर तो मोठा फोटो होता. त्याच्याखाली ढब्बू खुर्चीला धरून उभी होती, पिवळ्या फ्रॉकमध्ये, आता चिमट्यांची गरज नसलेली. डोक्यावर थोडे केस आले होते. तिने माझ्याकडे बघितलं आणि लगेच हसली. तिला हसायला कोणीही चालत होतं.

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. शब्द, अकरा फोटो, कचऱ्याचा डबा, दादाचं खोटं, सगळं. बाईंवर राग धरू नका, त्यांना वाईट दिसण्याची भीती नव्हती, मुलीला वाईट वाटेल याची होती, असंही म्हटलं. बोलताना मी ढब्बूकडेच बघत होते.

ते दुसऱ्या खुर्चीच्या काठावर बसले. मग म्हणाले, "म्हणजे काकांचा फोकस चुकला नव्हता."

"कधीच चुकला नाही."

"मग फोटो छान आले होते."

"हो."

"काकांनी बघितले होते?"

"नाही. बटण दाबलं की त्या कॅमेऱ्यातला आरसा वर उडतो. फोटो निघतो त्या क्षणी काढणाऱ्याला काळोखच दिसतो. आणि मागच्या पडद्यावर तो बघत नाही, तेवढ्यात मूल निसटतं म्हणतो."

"म्हणजे तुम्हीच फक्त बघितलेत."

हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. जगात ते अकरा फोटो बघितलेलं एकच माणूस होतं आणि ते मी होते.

"सांगा ना मला," ते म्हणाले.

मी तो एक सांगितला. चादर, घसरलेला रुमाल, ढब्बूचा तळवा, दोघींची उघडी तोंडं. तळवा कसा होता ते दाखवायला मी माझाच हात डोक्यावर ठेवला. ते माझ्या हाताकडे बघत राहिले.

"रुमाल काढला होता तिने?"

"घसरला होता. त्यांच्या लक्षात नव्हतं."

"मला तिने कधी रुमालाशिवाय बघू दिलं नाही," ते म्हणाले. "घरातसुद्धा नाही." त्यांनी डोळे पुसले, बाहीने, वंगणाचा डाग गालावर उतरला. "आणि बाकीचे दहा?"

मी दहा रचू शकले असते. जे नाही ते आहे असं दाखवण्यात माझी वीस वर्षं गेली होती. एकात बाई तिचा गाल चावतायत, एकात ढब्बू चादर खातेय, असं काहीही. पण ते मला करवेना.

"नाही बघितले," मी म्हणाले. "आई दिसली की मी उडवते. नीट बघतच नाही."

ढब्बू खुर्ची सोडून त्यांच्या गुडघ्याला येऊन चिकटली. त्यांनी तिला मांडीवर घेतलं आणि तिच्या कानावरून बोट फिरवत राहिले. मी जायला निघाले.

"ताई, बसा," ते म्हणाले. "तो एक परत सांगा. सावकाश."

मी बसले आणि परत सांगितला. या वेळी त्यांनी मध्ये मध्ये विचारलं, ऊन कुठून होतं, दात दिसत होते का, रुमाल कुठल्या खांद्यावर पडला होता. आठवेल तेवढं मी सांगितलं.

"आणि तिचा हात? ढब्बूला धरलेला?" त्यांनी विचारलं. "उजवा होता की डावा?"

मला आठवत नव्हतं.

"उजवा," मी म्हणाले.